उष्ण कटिबंधातली एका दिवसाची साहसी सहल: आखणी सूर्यास्तापासून मागे

अशी सहल ठरवताना बहुतेक जण आधी यादी करतात: झिपलाइन (तारेला लटकून घसरत जाणं), राफ्टिंग (वेगवान नदीत फुगवलेल्या बोटीतून जाणं), धबधबा, स्नॉर्केलिंग (मुखवटा आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघणं), एटीव्ही (खडबडीत वाटेवरची जाड टायरांची छोटी गाडी). मग ती यादी एका दिवसात कोंबायला बसतात. हे उलट्या बाजूनं करावं. त्या तारखेची सूर्यास्ताची वेळ आधी लिहून घ्या आणि तिथून मागे मोजत या. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर साधारण बारा तासांचाच असतो. कर्कवृत्त किंवा मकरवृत्तापाशी तो ऋतूप्रमाणे साडेदहा ते साडेतेरा तासांदरम्यान बदलतो. या पट्ट्यात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे रेंगाळणारी संध्याकाळ मिळत नाही. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत पायाखालची वाट दिसेनाशी होते, दाट झाडीत तर त्याआधीच. शेवटचा उपक्रम सूर्यास्ताच्या किमान दीड तास आधी संपेल असं धरा. डोंगरातला परतीचा रस्ता उजेडातच कापायचा आहे.

वेळ नेमका कुठे जातो

माहितीपत्रकात ‘झिपलाइन, एक तास’ असं लिहिलेलं असतं. तो तास फक्त तारेवरचा. प्रत्यक्षात नोंदणी आणि संमतीपत्रावर सह्या यात वीस मिनिटं जातात, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे सुरक्षापट्टे) आणि हेल्मेट चढवण्यात वीस, सूचना आणि सरावाच्या छोट्या तारेवर आणखी वीस. मग वरच्या पहिल्या मचाणापर्यंत चालणं. त्यात गट बारा जणांचा असेल तर प्रत्येक मचाणावर सगळे येईपर्यंत थांबावं लागतं. शेवटी खाली येऊन साहित्य परत करायचं. सगळं धरून अडीच ते तीन तास. राफ्टिंगला नदीवर दीड-दोन तास असले तरी गाडीनं वर नेऊन सोडणं, बोटी उतरवणं, शेवटी कपडे बदलणं मिळून साडेतीन ते चार तास. बोटीनं जाऊन स्नॉर्केलिंग करायला अडीच-तीन तास.

आता हिशेब मांडा. सकाळी सहाला निघालात आणि साडेचारला आवरलंत, तर हातात साडेदहा तास. त्यातून गाडीचा प्रवास अडीच तास, जेवण आणि सावलीतली विश्रांती एक तास, दोन उपक्रमांच्या मधली उसंत प्रत्येकी अर्धा तास. उरतात सहा तास. त्यात एक मोठा आणि एक मध्यम उपक्रम नीट बसतो. ठिकाणं एकमेकांच्या जवळ असली तर वर एखादा छोटा: तासाभराची जंगलवाट, धबधब्याखालचं डुंबणं किंवा गरम पाण्याचे झरे. ‘एका दिवसात पाच’ अशी जाहिरात दिसली की प्रत्येकाला प्रत्यक्ष किती मिनिटं आहेत ते विचारा. बहुतेक वेळा त्यातले दोन पंधरा-वीस मिनिटांचे निघतात.

क्रम कशावर ठरवायचा

क्रम आपल्या आवडीनं लावू नये. तो वारा, ऊन, पाऊस आणि भरती-ओहोटी लावून देतात. सकाळी जमीन तापलेली नसते, त्यामुळे किनाऱ्यावर वारा मंद असतो. दहा-अकरानंतर जमीन तापते, समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारपर्यंत पाणी खवळतं. स्नॉर्केलिंग आणि समुद्रातलं कयाकिंग (वल्हवायच्या अरुंद होडीतून, म्हणजे कयाकमधून फिरणं) म्हणूनच सकाळी. तेव्हा पाणी नितळ असतं, बोट कमी हलते आणि नवख्याला नळीतून श्वास घ्यायला शिकताना तोंडावर लाटा येत नाहीत.

डोंगरात सकाळचं कारण वेगळं. तापलेली दमट हवा वर चढते, दुपारी बारा-एकपासून ढग भरून येतात आणि दोन ते पाचच्या दरम्यान गडगडाटासह पाऊस कोसळतो. पावसाळी महिन्यांत हे जवळजवळ रोजचं. झिपलाइन, झुलते पूल, उघड्या कड्यावरची चढण हे सगळं विजेच्या तावडीत सापडणारं, म्हणून ते दुपारच्या आत संपवावं. पक्षी आणि प्राणीही सकाळीच दिसतात.

खारफुटीतल्या खाडीत कयाक न्यायची असेल तर तिथं घड्याळापेक्षा भरतीचं कोष्टक मोठं. भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तास दहा-बारा मिनिटांचं अंतर असतं आणि वेळा रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकतात. मागच्या आठवड्यात कुणी सकाळी आठला गेलं होतं म्हणून आपणही आठला जावं, हे चालत नाही. भरतीच्या शेवटच्या दीड-दोन तासांत आत शिरा आणि पाणी उतरायला लागलं की त्याच्या ओढीबरोबर बाहेर या. ओहोटीत अडकलात तर गुडघाभर चिखलातून कयाक ओढावी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाण्याला ओढही जास्त असते.

इथे एक ओढाताण होते. ओलं काम शेवटी ठेवावं, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याला आधार आहे: ओल्या चड्डीवर हार्नेसचे पट्टे आवळले की तासाभरात मांड्यांची कातडी सोलून निघते. पण समुद्र तर सकाळी हवा. आमच्या मते अशा वेळी समुद्राचं ऐकावं आणि सोलपटण्यावर उपाय करावा: गोड्या पाण्यानं अंग धुणं, पूर्ण कोरडे कपडे, गुडघ्यापर्यंत येणारी अंगाबरोबरची चड्डी आणि मांड्यांना व्हॅसलीन. खारट पाणी अंगावर तसंच ठेवून कोरडे कपडे घातले तर उपयोग नाही. मीठच घासतं.

अंगाचाही हिशेब ठेवा. कयाक आणि राफ्टिंग दोन्ही खांद्यांवर येतात. पाठोपाठ घेतले तर दुसऱ्याच्या उत्तरार्धात हात भरून येतात आणि नेमकं जोर लावायच्या जागी वल्हं उचलत नाही. हातांचं काम झालं की पायांचं घ्या. एटीव्ही अनेक जण धुळीमुळे सर्वांत शेवटी ठेवतात, ते आम्हाला पटत नाही. स्वतः चालवायचं वाहन थकलेल्या हातात आणि कलत्या उजेडात देऊ नये. जेवणानंतर तासाभरानं घ्या आणि दिवसाचा शेवट पाण्यात बसून राहण्यासारख्या कशानं तरी करा.

एक नियम मात्र वाकवू नका. सकाळी स्कूबा डायव्हिंग (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल पाण्यात उतरणं) केलं असेल तर त्या दिवशी डोंगर नाही. खोल पाण्यात दाबाखाली रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. हवेचा दाब कमी असलेल्या उंचीवर लवकर गेलं तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं. विमानाबाबत डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या पाणबुड्यांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेची शिफारस आहे की एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्ह केले असतील तर किमान १८ तास थांबावं. घाट चढून उंचावरच्या झिपलाइनला जाणं हा त्याच जातीचा धोका आहे. स्नॉर्केलिंगला ही अडचण नाही.

सुट्टीतला कोणता दिवस

पहिला नको आणि शेवटचाही नको. दमट उष्म्याला शरीर पुरतं सरावायला एक ते दोन आठवडे लागतात, पण दोन-तीन दिवसांतही फरक जाणवतो. घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. तिसरा किंवा चौथा दिवस धरा आणि त्यानंतर एक मोकळा दिवस ठेवा. पावसानं रद्द झालं तर सहल तिथं सरकवता येते. ऋतू ठिकाणागणिक बदलतो: बालीत कोरडे महिने साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, तर कोस्टा रिकाच्या पॅसिफिक बाजूला डिसेंबर ते एप्रिल. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सर्वाधिक जोर.

आयोजकाला काय विचारायचं

पैसे भरण्याआधी पुढचे प्रश्न लिहून पाठवा आणि उत्तरंही लेखी घ्या.

– एका गाईडमागे किती जण? राफ्टिंगला सोबत वेगळी बचाव-कयाक आणि फेकायचे दोर असतात का?
– वजनाची आणि वयाची मर्यादा किती? झिपलाइनला वरची मर्यादा सहसा ११० ते १२५ किलोच्या आसपास असते. खालची मर्यादाही असते, कारण हलकी व्यक्ती मचाणाच्या अलीकडेच तारेवर अडकते. घोडेस्वारीची मर्यादा याहून कमी असते.
– नदीचा दर्जा त्या महिन्यात कोणता? १ (सोपा) ते ६ (सर्वांत अवघड) या श्रेणीत नवख्यांनी २ किंवा ३ घ्यावा. पावसानंतर तीच नदी वरच्या दर्जात जाते.
– किती पाण्याला किंवा कोणत्या हवामानात तुम्ही रद्द करता, आणि तो निर्णय कोण घेतो?
– रद्द झालं तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख?
– दरात प्रवेशशुल्क, ने-आण, जेवण, साहित्य यांतलं काय धरलेलं नाही?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ‘आम्ही कधीच रद्द करत नाही’ असं अभिमानानं सांगणाऱ्याकडे जाऊ नका. चांगला आयोजक पाण्याची पातळी, वाऱ्याचा वेग किंवा विजेचं अंतर असा ठोस आकडा सांगतो.

दमा, हृदयविकार, फिट येणं, गरोदरपण, पाठीचं किंवा खांद्याचं जुनं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया हे संमतीपत्रात लपवू नका. पोहता येत नसेल तर तेही आदल्या दिवशीच कळवा, म्हणजे बोटीत गाईडजवळची जागा मिळते. प्रवास विमा असला तरी त्यातल्या वगळलेल्या गोष्टी वाचा. स्कूबा, राफ्टिंग, दोरानं खाली उतरणं आणि स्वतः चालवायची मोटारवाहनं बऱ्याच पॉलिसींत मुळात नसतात. ती जोडून घ्यावी लागतात.

साहित्य स्वतः तपासा

गाईड तपासतोच. तरीही दोन मिनिटं आपण द्यावीत.

हार्नेसचा कमरपट्टा कमरेच्या हाडांच्या वर हवा, त्याखाली नाही. आत सपाट तळहात सरकावा, वळलेली मूठ मात्र शिरू नये. पट्टा पोटावर सैल असेल आणि माणूस उलटा झाला तर त्यातून घसरू शकतो. लहान मुलांना कमरेचा आकारच पुरेसा नसतो, म्हणून त्यांना छाती-खांद्यांचा पूर्ण हार्नेस मागा. कॅराबिनरचं (दोरी अडकवायच्या धातूच्या कडीचं) कुलूप फिरवून बंद आहे ना ते बोटानं दाबून बघा. मचाणावर उभं असताना हार्नेसच्या दोन दोऱ्यांपैकी एक तरी कायम अडकवलेली हवी. बदलताना दोन्ही एकदम सोडणारा गाईड दिसला तर तिथंच थांबा आणि बोला. केस बांधून हेल्मेटखाली, ओढणी-उपरणं-लोंबती माळ खाली गाडीत. तारेवर हात नेहमी कप्पीच्या (तारेवरून घरंगळणाऱ्या चाकाच्या) मागे ठेवायचा. पुढे ठेवला तर बोटं कप्पीखाली सापडतात.

लाइफ जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा आणि कुणाला तरी खांद्यांवरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर माप चुकलं आहे. स्नॉर्केलिंगचा मुखवटा पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकानं हलका श्वास आत ओढा; हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशीमुळे वरच्या ओठाशी पाणी झिरपतं, तिथं थोडं व्हॅसलीन लावतात.

नदीत आणि समुद्रात

राफ्टमधून पडलात तर पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढे आणि पायांची बोटं पाण्याबाहेर. खडक आलाच तर पायांनी ढकलता येतो. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तिथं उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाऊल दगडांत अडकतं, पाणी मागून ढकलतं आणि तोंड खाली जातं. नदीतले कितीतरी मृत्यू उथळ पाण्यात असेच होतात. वल्ह्याचा वरचा आडवा दांडा कधीच सोडायचा नाही, कारण मोकळा दांडा शेजाऱ्याचे दात पाडतो.

धबधब्याखाली डुंबताना आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडत असू शकतो. नितळ पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज वाढला किंवा मघाचा दगड बुडाला, यांतलं एकही दिसलं की सामान गोळा करत बसू नका. लगेच काठ चढून उंच जागी जा. वाट खाली नदीच्या बाजूनं जात असेल तरी आधी वर. आणि खोली कुणी पाण्यात उतरून पाहिल्याशिवाय उडी नाही; काल खोल असलेल्या डोहात आज ओंडका असू शकतो.

समुद्रात कायम जोडीनं. सुरुवात ओढीच्या विरुद्ध दिशेनं करा, म्हणजे दमल्यावर पाणी परत आणून सोडतं. दर अर्ध्या मिनिटाला डोकं वर काढून बोट कुठं आहे ते बघा. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेऊ नका. त्यानं प्राणवायू वाढत नाही, फक्त श्वासाची आठवण करून देणारा कार्बन डायऑक्साइड घटतो आणि माणूस पाण्याखाली न कळत बेशुद्ध होतो. काठाजवळ पाणी आत खेचू लागलं तर त्याच्याशी झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर या, मग काठाकडे वळा. जेलीफिश कोणत्या महिन्यांत असतात ते स्थानिकांना विचारा. उत्तर ऑस्ट्रेलियात साधारण नोव्हेंबर ते मे हा काळ बॉक्स जेलीफिशचा, तेव्हा अंगभर सूट घातल्याशिवाय पाण्यात उतरत नाहीत.

बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्या. या गोळ्यांनी पेंग येते, म्हणून त्या दिवशी एटीव्ही दुसऱ्याच्या हाती द्या.

ऊन, पाणी आणि वीज

दुपारी अतिनील निर्देशांक (उन्हातल्या कातडी भाजणाऱ्या किरणांचं माप) इथं सहज ११ च्या वर, म्हणजे सर्वांत तीव्र पातळीत जातो, आणि पातळ ढगांनी तो फारसा उतरत नाही. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिली सनस्क्रीन लागतं; लोक त्याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग क्रीमला दोष देतात. दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घातला तर हे काम निम्म्यानं कमी होतं, आणि स्नॉर्केलिंगमध्ये पाठ भाजते तिथं तोच खरा उपाय. प्रवाळांसाठी घातक मानली गेलेली ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईत १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे. बंदी नसली तरी झिंक ऑक्साइडचंच घ्यावं. आधी सनस्क्रीन, ते सुकल्यावर डासांचं मलम. डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

श्रमाच्या वेळी दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या, तहान लागायची वाट न बघता. पण तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. नुसतं पाणी फार झालं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि डोकेदुखी-मळमळ सुरू होते. लोक त्याला ऊन लागलं समजून आणखी पाणी पाजतात! प्रत्येकी दोन-तीन पुड्या क्षार ठेवा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ; चमचा चहाचा. पायांत गोळे, चक्कर, चिकट घाम असेल तर सावली, विश्रांती आणि क्षार. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजा. मदतीला फोन करा आणि ती येईपर्यंत पाण्यात बसवून किंवा अंगावर पाणी ओतून, वारा घालून थंड करत राहा. शुद्ध हरपत असेल तर तोंडानं काही देऊ नका.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पाणी, तार, माथा सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

पिशवीत काय

प्रत्येकी: लवकर वाळणारे कपडे अंगावर, एक पूर्ण कोरडा जोड पिशवीत. सुती कपडा भिजला की दिवसभर ओला राहतो, जीन्स तर नकोच. मागे पट्टा असलेले बोटं झाकणारे बूट. स्लिपर पहिल्याच प्रवाहात वाहून जाते. चष्म्याला दोरी. चौघांत मिळून २० लिटरची एक ड्राय बॅग (पाणी आत न शिरू देणारी पिशवी), तोंड किमान तीनदा गुंडाळून बंद करायची आणि काठोकाठ भरायची नाही, नाहीतर गुंडाळायला कापडच उरत नाही. त्यात औषधं, ओळखपत्राची प्रत, थोडी रोख, शिट्टी, डोक्याला लावायचा दिवा. दम्याचा पंप गाडीत ठेवू नका, तो गाईडच्या पिशवीत द्या. फोनवर आयपीएक्स७ (पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास, तोही संथ पाण्यात. नदीच्या आदळण्याची हमी त्यात नाही.

काय सोडायचं ते आधीच ठरवा

आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून दोन वेळा लिहून ठेवा. दुसरा उपक्रम किती वाजेपर्यंत सुरू झाला नाही तर तिसरा सोडायचा, आणि कितीला परतीच्या गाडीत बसायचं. सकाळी सहा ते दुपारी साडेचार अशा दिवसासाठी त्या साधारण दुपारी साडेबारा आणि साडेचार असतात. कोणता उपक्रम गळेल हेही तेव्हाच ठरवा. जागेवर ठरवायला गेलात तर पैसे भरलेत म्हणून सगळे घाई करतात, आणि पट्टे तपासणं, पाणी पिणं, जेवणानंतर बसणं यांवरच काट मारली जाते.

परत आल्यावर आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा आणि केसांची कड गोचीड-जळवांसाठी बघा. गोचीड दिसली तर चिमट्यानं कातडीलगत पकडून सरळ ओढा. जाळणं, तेल ओतणं नको. प्रवाळानं खरचटलेलं साबण-पाण्यानं चोळून धुवा, कारण त्याचे बारीक कण आत राहून जखम चिघळते. जखम असेल तर पुढचे दिवस गोड्या पाण्यात उतरू नका. पूर येऊन गेलेल्या नद्यांत लेप्टोस्पायरोसिसचा (प्राण्यांच्या मूत्रातून पाण्यात येणाऱ्या जिवाणूंच्या आजाराचा) धोका असतो. पुढच्या चार आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना सहलीचं ठिकाण आणि नदीत उतरल्याची तारीख न विचारता सांगा.